मुंबईत घरातील व्यक्तीच्या निधनानंतर: नॉमिनी, वारस आणि प्रोबेट यांचा गुंता कसा सोडवावा

तेरावे उरकते न उरकते तोच सोसायटीकडून ‘नॉमिनी कोण?’ अशी विचारणा होते, आणि फॉर्मवर ज्याचे नाव निघेल त्याचीच खोली झाली असे घरातले सगळे धरून चालतात. पुढच्या भांडणाची सुरुवात बहुधा इथेच होते, म्हणून कागद जमवण्याआधी शब्दांचे अर्थ लावून घ्यावेत.

प्रथम मृत्यूचा दाखला घ्यावा. मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते. दाखला महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात मिळतो. प्रती गरजेपेक्षा जास्तच घ्याव्यात आणि दाखला हाती पडताच त्यावरील नाव शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला) व पासबुकाशी ताडून पाहावे. एका कागदावर ‘दत्ताराम’ आणि दुसऱ्यावर ‘दत्तात्रय’ असेल, तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करण्यात पुढे हेलपाटे पडतात.

आता नॉमिनी, म्हणजे नामनिर्देशित व्यक्ती. तिने मालमत्ता स्वीकारायची असते ती खऱ्या हक्कदारांसाठी सांभाळण्याकरिता. ती मालक होत नाही. विम्याच्या रकमेबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे 1983 मध्ये सांगितले (आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असल्यास विम्याचा नियम 2015 मध्ये बदलला) आणि कंपन्यांच्या शेअर्सबाबत 2023 मध्ये. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे कलम 154ब-13 तर नॉमिनीला ‘तात्पुरता सभासद’ असेच म्हणते. हक्कदार मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस दाखला किंवा कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त घेऊन येईपर्यंतच ही व्यवस्था असते.

मग मृत्युपत्र शोधावे. ते साध्या कागदावर असले तरी चालते, नोंदणी सक्तीची नाही. मात्र दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. त्यात ज्याच्यावर अंमलबजावणी सोपवलेली असते तो निष्पादक. मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाने दिलेला दाखला म्हणजे प्रोबेट, आणि तो निष्पादकालाच मिळतो. निष्पादक नेमलेला नसेल, तर मृत्युपत्र जोडून प्रशासनपत्र, म्हणजे मालमत्तेचा कारभार पाहण्याचा न्यायालयाचा अधिकार, मागावे लागते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 213 मुळे मुंबईतील हिंदूंच्या मृत्युपत्रांना प्रोबेट वर्षानुवर्षे अनिवार्य होते. ते कलम 2025 च्या अखेरीस वगळण्यात आले, त्यामुळे जुना सल्ला आता जसाच्या तसा लागू पडत नाही. तरीही भावंडांत कुरबुर असेल, तर प्रोबेट घेऊन ठेवणेच बरे, असे माझे मत आहे.

मृत्युपत्र नसेल, तर वाटणी कायद्याने ठरते. हिंदू पुरुष वारला, तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना त्याच्या स्वतःच्या मालमत्तेत सारखा वाटा मिळतो. आईचा हिस्सा हटकून विसरला जातो, आणि लग्न झालेल्या मुलीचे नाव तर अर्जातून गाळलेच जाते. पुढे हरकत येते ती तिथूनच. ठेवी, रोखे, शेअर्स यांसाठी न्यायालयाकडे उत्तराधिकार प्रमाणपत्र मागावे. त्यावर फ्लॅटची मालकी मात्र ठरत नाही. वारस कोण हे न्यायालयाकडून नोंदवून घ्यायचे असेल, तर वारस दाखल्याचा अर्ज करावा. त्याचा आधार अजूनही 1827 चा मुंबई विनियम आहे!

पागडीच्या खोलीचे गणित वेगळे आहे. तिथे मालकी नसून भाडेकरूचा हक्क असतो, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नुसार मृत्यूसमयी भाडेकरूसोबत राहणाऱ्या कुटुंबीयाचा विचार आधी होतो. गिरगावातल्या खोलीचे समान हिस्से मागणाऱ्या उपनगरातील भावांनी हे आधी तपासावे.

सगळ्यांचे एकमत होऊन फ्लॅट एकाच्याच नावे करायचा असेल, तर बाकीच्यांनी हक्कसोडपत्र करावे. त्यावर मुद्रांक शुल्क भरून ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते; नोटरीपुढे केलेला कागद इथे चालत नाही. त्यानंतर नोंदवलेल्या दस्ताची प्रत व मूळ शेअर सर्टिफिकेट सोसायटीकडे द्यावे आणि सर्टिफिकेटच्या मागील बाजूस नव्या सभासदाचे नाव पदाधिकाऱ्यांच्या सह्यांनिशी चढले की नाही, हे तिथेच उभे राहून पाहून घ्यावे.