मेश सॅलियन्सी काढताय? या चुका टाळा

थ्रीडी मॉडेलवर माणसाची नजर आधी कुठे जाणार, हे आकड्यात काढायचं म्हणजे मेश सॅलियन्सी (मेश म्हणजे मॉडेल ज्या त्रिकोणांच्या जाळीने बनतं ती). चँग हा ली, अमिताभ वार्ष्णेय आणि डेव्हिड जेकब्स यांचा २००५ च्या सिग्राफ या कॉम्प्युटर ग्राफिक्स परिषदेतला पेपर वाचून खूप जण स्वतः कोड लिहितात, आणि लाल-निळं मॉडेल (लाल म्हणजे सॅलियन्सी जास्त, निळं म्हणजे कमी) स्क्रीनवर आलं की वाटतं झालं काम. तिथेच थांबू नका प्लीज.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वक्रता, म्हणजे पृष्ठभाग किती वळतो ते, हीच सॅलियन्सी समजणं. फणस घ्या. काट्याकाट्यावर वक्रता भरपूर, पण सगळीकडे सारखीच, म्हणून नजर काट्यांवर टिकत नाही, ती जाते देठाकडे किंवा जिथे काटे घासून गुळगुळीत झालेत तिथे. म्हणून वक्रतेची गाउसियन सरासरी (जवळच्या शेजाऱ्यांना जास्त वजन देणारी) एकदा सिग्मावर, म्हणजे शेजार किती लांबपर्यंत धरायचा त्या मापावर, काढायची, एकदा दुप्पट सिग्मावर, आणि दोघांतला फरक घ्यायचा. हा फरक अ‍ॅब्सोल्यूटच, म्हणजे मायनस चिन्ह सोडून, घ्या, नाहीतर तो गुळगुळीत भाग मायनसमध्ये जाऊन गायबच होतो.

सिग्मा कोडमध्ये ०.०१ वगैरे ठोकून देऊ नका. पेपरमध्ये एप्सिलॉन म्हणजे बाउंडिंग बॉक्सच्या (मॉडेल जेमतेम मावेल अशा खोक्याच्या) कर्णाच्या ०.३ टक्के, आणि सिग्मा त्याच्या २ पट ते ६ पट, अशा पाच पातळ्या. सिग्मा ठोकून दिलेला, स्टॅनफर्ड बनीवर (चाचणीसाठी नेहमी वापरतात त्या सशाच्या मॉडेलवर) मस्त चाललेला कोड मिलिमीटरमधल्या मॉडेलवर सगळं निळं दाखवतो, कारण शेजारी कुणी सापडतच नाही, व्हर्टेक्स (जाळीतला कोपऱ्याचा बिंदू) एकटाच उरतो आणि फरक शून्य येतो. शेजाऱ्यांची सरासरी संख्या प्रिंट करून बघा, लगेच कळतं.

आता माझे दोन दिवस ज्यात गेले ते. घरची पितळी समई मोबाइलवर स्कॅन केली, तर वरपासून खालपर्यंत एक बारीक लाल रेघ, आणि समईवर तर तिथे काहीच नाही! मी आपला फिल्टर तपासत बसलो, आणि गडबड निघाली यूव्ही सीमची, म्हणजे वरचं चित्र चढवण्यासाठी मॉडेल जिथे उसवलेलं असतं त्या रेघेची, एक्सपोर्ट करताना त्या रेघेवरचे व्हर्टेक्स डबल झाले होते, त्यामुळे प्रोग्रामला ती उघडी कड वाटत होती. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मर्ज बाय डिस्टन्स (अगदी जवळचे व्हर्टेक्स एक करणं) केलं आणि रेघ गेली. तरी लाल ठिपके उरलेच, ते चकाकीमुळे आलेले स्कॅनचे उंचवटे. आधी हलकं स्मूदिंग करा, पण हात आवरा, नाहीतर नक्षीही पुसली जाते. बनीच्या बुडाला खरीखुरी भोकं आहेत, तिथेही काठावर वक्रता वेडीवाकडी येते, ते व्हर्टेक्स हिशोबातून काढलेले बरे.

पाचही पातळ्या नुसत्या बेरजेने जोडल्या की सगळं मॉडेल मध्यम रंगाचं, कुठेच काही उठून दिसत नाही. प्रत्येक पातळी आधी नॉर्मलाइज करा, म्हणजे एकाच मापात आणा, मग तिच्या सर्वोच्च मूल्यातून स्थानिक शिखरांची सरासरी वजा करून त्याच्या वर्गाने गुणा, म्हणजे मोजकीच शिखरं असलेली पातळी वर येते.

सगळं निळं आणि एकच टिंब लाल? बहुतेक वेळा एकाच व्हर्टेक्सने रंगपट्टी खाल्लेली असते. रंगपट्टी ९९ पर्सेंटाइलला कापा, म्हणजे सगळ्यात वरच्या एक टक्क्याला एकच लाल.

आणि चेहऱ्याचं मॉडेल असेल तर डोळे कमी लाल दिसले म्हणून कोडमध्ये बग शोधत बसू नका, हे गणित फक्त आकार बघतं, डोळा म्हणजे काय हे त्याला माहीतच नाही, तिथे वजन तुम्हालाच हाताने वाढवावं लागेल.