नैराश्याच्या गोळ्या सोडताय? या चुका टाळा, आणि उन्हाला दोष देऊ नका

नवतपा चालू होता. नागपुरात बर्डीवर रस्ता ओलांडताना मान वळवली आणि डोक्यात करंट बसल्यासारखा झटका आला. मग दिवसभर तेच. नजर इकडून तिकडे गेली की झर्रकन. आईचं निदान तयार होतं: "ऊन लागलं तुले. कांदा कुठी आहे पर्समधला?" पन्हं झालं, कूलरसमोर लोळून झालं, फरक शून्य. बरं वाटतंय म्हणून नैराश्यावरची एस्सिटालोप्रामची 10 मिलिग्रॅमची गोळी मी चार दिवसांपूर्वी परस्पर बंद केली होती, हे आईला कुठं सांगितलं होतं!

परस्पर बंद करणं ही पहिली चूक. बरं वाटायला लागल्यावरही ही औषधं साधारण सहा महिने तरी चालू ठेवतात.

'एक दिवसाआड घेऊ' ही चूक जास्त फसवी, कारण ती शहाणपणाची वाटते. व्हेन्लाफॅक्सिनसारखं नैराश्यावरचंच दुसरं औषध काही तासांतच रक्तात निम्म्यावर येतं. मध्ये दिवस गाळला की शरीराचा रोज झोपाळा होतो. फ्लुओक्सेटिन हे तिसरं मात्र कित्येक दिवस रेंगाळतं. म्हणून शेजारच्या काकूंचं वेळापत्रक आपल्याला चालत नाही. रोज घ्यायची, पण डोस कमी कमी करत.

खरी ठेच शेवटी लागते. 20 वरून 10 वर येणं अनेकांना जमतं, 5 वरून शून्यावर येताना कोलमडतात. थोड्या डोसनेही मेंदूतला परिणाम बराचसा झालेला असतो, म्हणून शेवटच्या पायऱ्या बारीक हव्यात. त्या कशा पाडायच्या हे डॉक्टरांनाच विचारा. नावापुढे 'एक्सआर' किंवा 'ईआर' असलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी घरी कुटू नका, चावू नका.

पाचव्या दिवशी भाजी चिरताना मी उगाच रडले. वाटलं, आजार परतला. डॉक्टरांनी एकच विचारलं, "झटके कधीपासून?" गोळी सुटल्यावर काही दिवसांतच झटके, चक्कर, मळमळ, विचित्र स्वप्नं सुरू झाली तर बहुतेकदा तो औषध सुटल्याचा त्रास असतो, आजार सहसा काही आठवड्यांनी, हळूहळू डोकावतो. डोस पुन्हा सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांत माझे झटके थांबले. चक्कर येत असेल तेवढे दिवस गाडी मात्र चालवू नका. आणि जीव नकोसा वाटला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका: टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, मराठीतही.

गोळी सोडायला दुसऱ्यांदा मी नोव्हेंबरात सुरुवात केली. प्रत्येक पायरीला चार आठवडे, शेवटच्या पायरीला आठ, आणि झटक्यांची नोंद दूधवाल्याच्या हिशोबाच्या वहीत. आई अजूनही उन्हाचंच नाव घेते.