ऊस बिल आलं म्हणजे कर्ज फिटलं असं नाही: सोसायटी आणि जिल्हा बँकेच्या व्यवहारात या चुका टाळा

कोल्हापूर जिल्ह्यात एखाद्या गावात बँकेची शाखा नसेल, पण विकास सेवा संस्था बहुतेक ठिकाणी असतेच. आपल्या तोंडी ती नुसती सोसायटी. वर राज्य सहकारी बँक, मध्ये जिल्हा मध्यवर्ती बँक आणि खाली गावची सोसायटी. अर्ध्या एकरवाल्यालाही पीककर्ज दारात मिळतं ते या रचनेमुळं. सचिव प्रत्येकाला नावानं ओळखतो, कुणाचा ऊस कुठल्या गटात आहे हे त्याला तोंडपाठ असतं. बदलीवर आलेल्या राष्ट्रीयीकृत बँकेच्या साहेबाला हे कसं जमणार?

पण या ओळखीचा तोटाही आहे. "आपलाच माणूस आहे, बघतोय की तो," म्हणून पावती मागायची राहते, खातेउतारा बघायचा राहतो, मुदतीची तारीख विचारायची राहते. मग जूनमध्ये थकबाकीची नोटीस आली की त्याच माणसाशी भांडण.

बिल आलं, कर्ज फिटलं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. कारखान्याकडून बिल निघालं, मोबाइलवर मेसेज आला, त्यातून कारखान्यानं सोसायटीच्या कर्जाची कपातही केली. शेतकरी निर्धास्त. पण कपात किती झाली? मुद्दल पूर्ण गेलं का? व्याज राहिलं का? बिलाचा पहिला हप्ता मुद्दलाला पुरला नाही, तर उरलेली रक्कम खात्यावर तशीच उभी राहते. ती हजारभर रुपयांची असली तरी हिशेबात कर्ज 'पूर्ण परतफेड' होत नाही. आणि व्याजाची सवलत पूर्ण परतफेडीलाच आहे.

ती किती मोठी आहे ते बघा. ३ लाखांपर्यंतचं अल्पमुदत पीककर्ज वेळेत फेडलं, तर केंद्र सरकारची ३ टक्के सवलत मिळते आणि वर राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून ३ टक्के. शून्य टक्के व्याज म्हणतात ते हेच. दीड लाखाचं कर्ज वर्षभर वापरलं असेल, तर दोन्ही मिळून ९,००० रुपये होतात. थोड्या बाकीपायी हे ९,००० सोडायचे, शिवाय वर थकबाकीचं व्याज. काही ठिकाणी व्याज आधी भरून घेतात आणि सवलत मागाहून खात्यावर जमा करतात. ती जमा झाली का, हे पासबुकात बघायचं काम आपलं.

बिल जमा झाल्याच्या आठवड्यात सोसायटीत जाऊन कर्जखात्याचा उतारा मागा. बचत खात्याचा नव्हे, कर्जखात्याचा. शिल्लक शून्य दिसली की घरी जा. नसेल तर किती भरायचं ते तिथंच विचारून भरा आणि पावती घ्या. पावतीवर मुद्दल आणि व्याज वेगळं लिहिलेलं आहे का, तेही बघा.

कारखाना बदलणाऱ्यांना आणखी एक धोका. नोंद एका कारखान्याला, आणि तोड लवकर मिळाली म्हणून ऊस गेला दुसऱ्याला. सोसायटीची वसुली यादी पहिल्याकडं असते, दुसऱ्याकडून बिल कपातीशिवाय थेट खात्यावर येतं. पूर्ण बिल हातात आल्याचा आनंद होतो, पण कर्ज जागच्या जागी. ऊस दुसरीकडं घालायचाच असेल, तर सचिवाला आधी सांगा. नाहीतर बिल आल्या आल्या स्वतः भरा. कायद्याप्रमाणं ऊस तुटल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचं, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दराचं, बिल मिळायला हवं, पण ते लांबतं हे आपल्याला ठाऊक आहे. बिलाच्या भरवशावर मुदतीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका.

आडसालीचं गणित

आडसाली लावण जुलै-ऑगस्टची. पीक उभं राहतं १६ ते १८ महिने. कर्ज उचललं जुलैत, तोड येणार पुढच्या वर्षीच्या गळीत हंगामात. केंद्राची व्याज सवलत मात्र कर्ज दिल्यापासून जास्तीत जास्त एक वर्षासाठी. बँकेनं लावलेली मुदत त्याआधी संपत असेल, तर ती धरायची. म्हणजे ऊस शेतात उभा आणि कर्जाची मुदत संपलेली! यात शेतकऱ्याचा आळस काहीच नाही. पीक आणि नियम यांचं वेळापत्रकच जुळत नाही.

ज्यांच्याकडं खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) किंवा 'सुरू' हंगामात लावलेला ऊस आहे, ते त्या बिलातून आडसालीचं कर्ज मुदतीआधी फेडतात. कर्ज उचलतानाच हे ठरवून ठेवावं: कुठल्या गटाच्या बिलातून कुठलं कर्ज जाणार. सगळं रान आडसालीखाली असलेल्यांची पंचाईत होते, आणि मग 'नवं-जुनं' सुरू होतं. दोन-चार दिवसांसाठी कुणाकडून तरी पैसे उचलायचे, जुनं कर्ज भरायचं, नवं मंजूर झालं की ते परत करायचे. मंजुरीला दोन-चार दिवसच लागले तर ठीक. पण कमाल मर्यादा पत्रक, म्हणजे कुणाला किती कर्ज द्यायचं याची सोसायटीची यादी, अडकलं, कुणाची सही राहिली, की दिवस वाढतात आणि खासगी सावकाराचं व्याज शून्य टक्क्यांच्या सवलतीला गिळून टाकतं. नवं-जुनं करायचंच असेल तर आधी नव्या कर्जाची कागदपत्रं तयार आहेत ना, मंजुरी किती दिवसांत होते, हे विचारून मगच उसने पैसे उचला.

आणखी एक गैरसमज. ३ लाखांची मर्यादा माणसामागं आहे, बँकेमागं नाही. सोसायटीचं वेगळं, राष्ट्रीयीकृत बँकेचं वेगळं, असे दोनदा फायदे मिळत नाहीत. आधारमुळं दोन्ही कर्जं एकाच नावावर दिसतात.

सातबाऱ्यावर एक, शेतात दुसरं

पीककर्जाचा दर जिल्ह्याच्या तांत्रिक समितीनं पिकागणिक हेक्टरी ठरवलेला असतो. तुमचं क्षेत्र गुणिले तो दर, एवढाच हिशेब. पण क्षेत्र आणि पीक सातबाऱ्यावरून धरतात. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद, केली नाही, गटात अजून भात दिसतंय आणि शेतात ऊस आहे, तर मंजुरी भाताच्या दरानं. "साहेब, ऊस आहे की, बघून या," याला अर्थ नाही.

पुराच्या वेळी हाच घोळ दुप्पट होतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोळ, करवीर, हातकणंगले भागात पिकं कुजली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की घरातली माणसं, जनावरं, धान्य हलवण्यात दिवस जातो. पंचनाम्याच्या वेळी मालक गावात सापडत नाही, शेजारी सांगेल तो गट, तो आकडा. पुढं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त निघालं, तर बँकेला पीककर्जाचं मध्यम मुदतीच्या कर्जात रूपांतर करता येतं, म्हणजे लगेच थकबाकीत जायची वेळ येत नाही. पण त्यासाठी तुमचा गट नुकसानीच्या यादीत हवा. पंचनाम्याची नक्कल मागून घ्या, पीक आणि क्षेत्र जुळतं का बघा, आणि रूपांतर हवं असेल तर मुदत संपायच्या आत लेखी अर्ज द्या. पूर ओसरल्यावर सगळे आधी घर धुतात, आणि ते साहजिकच आहे. तरी एक दिवस या कागदासाठी काढाच.

कर्ज फिटलं, बोजा राहिला

सोसायटीचा इकरार, म्हणजे कर्जापोटी जमिनीवरचा बोजा, सातबाऱ्याच्या इतर हक्कात चढतो. कर्ज फिटल्यावर तो आपोआप उतरत नाही. ना-देय दाखला घेऊन बोजा कमी करायचा अर्ज करावा लागतो, ई-हक्क प्रणालीवरून हे काम आता होतं. वर्षानुवर्षं सोसायटीचं कर्ज घेणाऱ्याला याची निकड वाटत नाही. मुलीच्या शिक्षणासाठी तारण कर्ज काढायला गेल्यावर, नाहीतर भावकीत वाटणी करताना हा जुना बोजा आडवा येतो, तोवर दाखला देणारा सचिवही बदललेला असतो.

ठेव कुठं ठेवली?

या चुकीबद्दल गावात कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर. जिल्हा बँक असो की नागरी सहकारी बँक, तिथल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागं ५ लाखांपर्यंत विमा आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा १ लाखावरून ५ लाख झाली. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. सोसायटीत ठेव ठेवली असेल तर तिलाही नाही. पण पाटीवरचं नाव, पासबुक, काउंटर सगळं बँकेसारखंच, वर अर्धा-एक टक्का जास्त व्याज. जमीन विकलेली किंवा निवृत्तीची रक्कम एकगठ्ठा तिथं जाते, कारण चेअरमन ओळखीचे.

पतसंस्थेत पैसे ठेवूच नयेत असं माझं म्हणणं नाही. कित्येक पतसंस्था चांगल्या चालतात आणि अडल्या वेळेला त्याच उपयोगी पडतात. पण जे पैसे बुडाले तर घर उठेल, ते तिथं नकोत. आणि जिथं ठेवाल, तिथला लेखापरीक्षणाचा वर्ग आणि थकबाकीचा आकडा वार्षिक अहवालात वाचा. सभासदाला अहवाल मागायचा हक्क आहे. वार्षिक सभेला जाऊन नुसतं जेवून येऊ नका.

अनुदानाचे पैसे भलत्याच खात्यात

पीएम किसान, नमो शेतकरी असे आधारवर येणारे पैसे तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात नाही, तर आधार मॅपिंग असलेल्या, म्हणजे अनुदानासाठी आधारला जोडलेल्या, खात्यात जातात. मॅपिंग एका वेळी एकाच खात्याला असतं, आणि शेवटी जे जोडलं तेच चालतं. सिमकार्ड घेताना कुणीतरी पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलेलं असतं, पैसे तिकडं साचतात. 'हप्ता आला नाही' म्हणून तहसीलला हेलपाटे मारायच्या आधी आधारच्या संकेतस्थळावर कुठली बँक जोडलेली दिसते ते बघा. दोन वर्षं स्वतःचा एकही व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं, हेही ध्यानात ठेवा.

जामीनदाराची सही करतानाही हाच सैलपणा असतो. पाहुण्याच्या ट्रॅक्टरसाठी सही केली, त्याचे हप्ते थकले, की वसुलीचा दाखला जामीनदाराच्या नावानंही निघतो. सहकार कायद्याच्या कलम १०१ खालच्या या दाखल्याची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. नाही म्हणणं अवघड असतं, भावकी असते. निदान किती रकमेला सही करतोय ते वाचून करा आणि कागदाची नक्कल जवळ ठेवा.

तक्रार करायची झाली तर आधी सोसायटीला किंवा बँकेच्या शाखेला लेखी अर्ज. सोसायटीकडून काही झालं नाही तर सहकार खात्याचे तालुक्याचे सहायक निबंधक, मग जिल्हा उपनिबंधक. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या: शिक्का, सही आणि तारीख तिन्ही. नुसता शिक्का मारून देतात, तारीख टाकत नाहीत. ती मागून टाकून घ्या, कारण अर्ज मुदतीच्या आत दिला होता की नंतर, यावरच पुढं सगळं अडतं.