खडकाळ किनाऱ्यावर डायनासोरच्या पाऊलखुणा शोधताना या चुका टाळा

सुटीत नागपूरहून कोकणात जाणारे हौशी अभ्यासक काळ्या कातळातील तीन बोटांसारख्या दिसणाऱ्या खळग्याला डायनासोरचा ठसा मानतात, ही सर्वांत मोठी चूक होय. पाऊल उमटण्यासाठी ओला गाळ लागतो. कोकणातील कातळ मात्र मुख्यतः सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बेसाल्ट आणि त्याच्या झिजेतून झालेला जांभा आहे. म्हणून आधी खडक ओळखावा. स्कॉटलंडमधील स्काय बेटावर सुमारे 17 कोटी वर्षांपूर्वीचे आणि ऑस्ट्रेलियातील ब्रूमच्या किनाऱ्यावर सुमारे 13 कोटी वर्षांपूर्वीचे ठसे मिळतात, कारण तेथे त्या काळातील गाळाचे खडक उघडे पडले आहेत. आपल्याकडे तसे थर बेसाल्टखालच्या लमेटा खडकांत, म्हणजे समुद्रापासून फार दूर आहेत. वरोऱ्याजवळचे पिसदुरा त्यातील डायनासोरच्या हाडांसाठी आणि विष्ठाश्मांसाठी, म्हणजे दगड बनलेल्या विष्ठेसाठी, प्रसिद्ध आहे.

योग्य खडक सापडल्यावरही एकाच खळग्यावर विसंबू नये. लाटांनी गोटे घुसळून केलेले रांजणखळगे आणि लांब मानेच्या सॉरोपॉडचे गोल ठसे इतके सारखे दिसतात की, आकारावरून निवाडा करणे धोक्याचे ठरते. डावे-उजवे असे आलटून-पालटून, जवळपास सारख्या अंतरावर पडलेले खळगे आणि कडेला दाबून वर आलेला गाळ दिसला, तरच पुढे विचार करावा. ठसा नेहमी खोलगटच असतो, हाही गैरसमज आहे. वरच्या थरातील वाळूने भरलेले पाऊल खडकाच्या खालच्या बाजूला फुगीर साच्यासारखे उरते, त्यामुळे कोसळलेल्या शिळांची ती बाजू अवश्य पाहावी.

भर दुपारी शोधणे व्यर्थ असते. सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हात उथळ कडांची सावली पडते आणि एरवी सपाट भासणारा खडक बोलू लागतो. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहूनच उतरावे, पाणी चढू लागताच परतावे, आणि सुट्या कड्याखाली थांबू नये.

छिन्नी-हातोडा मात्र घरीच ठेवावा. ब्रूम परिसरात 1996 मध्ये खडकातून कापून ठसे चोरले गेले. अशा ठशाबरोबर रांगेतील त्याचे स्थान, म्हणजे प्राण्याच्या चालीची नोंद, कायमची नष्ट होते. त्याऐवजी मोजपट्टी ठेवून अनेक कोनांतून छायाचित्रे घ्यावीत, जीपीएस स्थान नोंदवावे आणि संबंधित संस्थेला कळवावे. भारतातील शोधासाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय नागपुरातच आहे.