बायोडेटात ‘स्वभाव’ लिहिताना

आप्पा बळवंत चौकाजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. लग्नसराई तोंडावर आली की दिवसभर बायोडेटाच. जन्मवेळ, रास, गोत्र, पगार लोक घडाघडा सांगतात आणि ‘स्वभाव’ आला की अडतात. मग ठरलेलं उत्तर: “लिहा मनमिळाऊ.”

मी लगेच टाइप करत नाही. आधी विचारते, लग्नाच्या मांडवात तुमचा मुलगा कुठे सापडतो? परवा एक आई म्हणाल्या, “पंगतीत वाढायला. बोलत नाही फारसा, पण कुठल्याही घरात सामावतो.” हा खरा मनमिळाऊ. जुळवून घेणं महत्त्वाचं, तोंड चाललंच पाहिजे असं नाही.

कोणी विचारलं की मोकळेपणी बोलतो, तो बोलका. चार माणसं जमली की घड्याळ विसरतो, तो गप्पिष्ट. आणि पुण्याहून मुंबईला निघाल्यावर लोणावळा यायच्या आत समोरच्याचं गाव, आडनाव, मुलांची शाळा काढून त्याला जेवायला बोलावणारा, तो माणूसवेल्हाळ. हा शब्द मला फार आवडतो, पण लोक बिचकतात. मी म्हणते, लिहाच. या घरात पाहुणे येत-जात राहणार, हे समोरच्यांना आधीच कळलेलं बरं!

लेकीच्या कौतुकात ‘बडबडी’ लिहू नका. घरातला लाडिकपणा कागदावर उतरत नाही. ‘वाचाळ’ तर सरळ दोष आहे. ‘बिनधास्त’ मुलांना हवा असतो, पण वाचणाऱ्या काकांच्या कपाळाला आठी पडते.

हल्ली मोबाइलवर स्वभावाची चाचणी देऊन आलेली मुलं ‘बहिर्मुख’ सांगतात. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी 1921 साली अंतर्मुख-बहिर्मुख हे प्रकार मांडले, तिथून मानसशास्त्रात हा शब्द रूढ झाला. पण कीर्तनं ऐकत वाढलेल्या आजोबांना बहिर्मुख म्हणजे विषयांत गुंतलेला, आत न वळणारा माणूस वाटतो. स्थळासाठी नकोच.

व्याकरणाचं थोडक्यात: बोलका मुलगा, बोलकी मुलगी, बोलक्या मुलीला. मनमिळाऊ, गप्पिष्ट, माणूसवेल्हाळ, दिलखुलास मात्र मुलगा असो की मुलगी, तसेच राहतात. मनमिळाऊच्या शेवटी मी ‘ऊ’च लावते, टिकाऊ-विकाऊसारखा; ‘वू’ नाही.

तीन-तीन विशेषणं एका ओळीत कोंबू नका. एक घ्या आणि पुढे कृती लिहा: ‘गप्पिष्ट, सोसायटीचं गणपतीतलं नाटक हीच बसवते.’ अशा ओळीवरून फोन आल्यावर बोलायला विषय मिळतो.

मुलगा खरंच कमी बोलत असेल तर ‘मितभाषी’ लिहा. ‘अबोल’ नको, त्यात रुसवा वाटतो.