वाडीवरच्या शाळेची घडी कशी बसवावी

१५ जूनला कोकणातली शाळा उघडते ती बहुतेक वेळा भर पावसातच. पडवीत ओल्या छत्र्यांची रांग लागते, पहिलीतली मुले आईचा पदर सोडत नाहीत आणि कच्च्या आंब्याचा चीक लागून उठलेला चट्टा कुणाच्या तरी गालावर अजून दिसत असतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वीस-पंचवीस पटाच्या, दोनशिक्षकी शाळेत नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांसाठी आणि शाळा व्यवस्थापन समितीवर निवडून आलेल्या पालकांसाठी मी हे लिहीत आहे. माझी सारी नोकरी अशाच शाळांत झाली, आणि तिच्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. समता, बंधुता, श्रमप्रतिष्ठा हे शब्द शाळेच्या भिंतीवर रंगवलेले असतातच. पण मूल ते शब्द शिकते ते झाडू कुणाच्या हातात आहे, घंटा कोण वाजवतो, माठातले पाणी कोण काढतो आणि पंगतीत कोण कुणाशेजारी बसतो, हे रोज पाहून. म्हणून पहिल्या आठवड्यात पुस्तके उघडण्याच्या आधी कामांची वाटणी लावावी.

कोकणातले गाव सलग वसलेले नसते, हे बाहेरून आलेल्या शिक्षकाने आधी समजून घ्यावे. किनाऱ्याला खारवीवाडी, भंडारवाडी, मोहल्ला, वर डोंगराच्या अंगाला कुणबीवाडी, बौद्धवाडी अशी वस्ती पसरलेली असते आणि मूल शाळेत येते ते आपली वाडी बरोबर घेऊनच येते. एका पाखाडीने उतरलेली भावंडे आणि शेजारची मुले वर्गातही एकाच बस्करावर दाटीवाटीने बसतात. यात मुलांचा काही दोष नाही, त्यांना ओळखीची ऊब हवी असते. मात्र शिक्षकाने ही बैठक वर्षभर तशीच राहू दिली, तर गावातल्या सीमारेषा वर्गाच्या फरशीवर आपोआप उमटतात.

कामांचा तक्ता करण्यासाठी एक जाड पुठ्ठा घ्यावा. डाव्या बाजूला कामांची चित्रे काढावीत, कारण पहिलीतल्या मुलाला अक्षर येत नसले तरी केरसुणी, घंटा, माठ आणि ताट ओळखता येते. उजव्या बाजूला खाचा पाडून त्यांत मुलांच्या नावांच्या पट्ट्या खोचाव्यात, म्हणजे दर सोमवारी त्या सरकवता येतात. घंटा, परिपाठ, वर्ग झाडणे, माठ भरणे, बस्करे अंथरणे, वाढप, परसबाग आणि सापडलेल्या वस्तूंचा डबा एवढी कामे छोट्या शाळेला पुरतात. प्रत्येक कामाला दोघांची जोडी द्यावी. तिच्यात एक मोठे मूल आणि एक लहान असावे, आणि शक्यतो ती दोघे वेगवेगळ्या वाड्यांतली असावीत. जोडी ठरवताना मुलांना तिचे कारण सांगत बसू नये. चौथीतली मुलगी पहिलीतल्या मुलाला केरसुणी कशी धरायची ते दाखवते, तेव्हा तो कुठल्या वाडीतला आहे हे तिच्या ध्यानातही राहत नाही.

हा तक्ता मी शिकलो तो चुकीतून. माझ्या पहिल्या शाळेत मुली झाडत असत आणि मुलगे घंटा वाजवत. हे मी ठरवलेले नव्हते. आधीपासून तसे चालत आले होते आणि मी ते चालू दिले. आमची घंटा म्हणजे पडवीच्या वाशाला तारेने टांगलेला रुळाचा तुकडा होता. एके दिवशी तिसरीतली एक मुलगी केरसुणी हातात धरूनच माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, घंटा आमी कदी वाजवायची?” मी तिला सांगितले की तुझा हात पोचायचा नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या आधी शाळेत येऊन तिने कोपऱ्यातला लाकडी खोका ओढत पडवीत आणला, त्यावर उभी राहिली आणि दोन्ही हातांनी हातोडी धरून एकच टोला दिला. त्या टोल्याने छपरावरचे कावळे उडाले, आणि खोक्यावरून उतरताना तिचे पाय थरथरत होते. त्याच दिवशी मी रुळाची तार वीतभर लांब करून तो खाली आणला. खरे तर एवढेच करायचे होते आणि ते मला आधी सुचायला हवे होते.

त्यानंतर झाडण्याच्या कामावर मुलगे आले, तेव्हा एका मुलाची आजी तक्रार घेऊन आली. अशा वेळी वाद घालून काही साधत नाही. तक्त्यावर शिक्षकाचेही नाव असावे आणि शिक्षकाने आपल्या आठवड्यात खरोखर झाडावे, हा त्यावरचा उपाय आहे. आजींनी मला केर भरताना पाहिले आणि पुढे त्या काही बोलल्या नाहीत.

काही कामे तक्त्यावर कधीही घेऊ नयेत. चूल किंवा गॅसजवळ मुलाने जाऊ नये, विहिरीवरून पाणी मुलांनी आणू नये आणि शौचालय धुण्याचे काम कोणत्याही मुलाला कधीच सांगू नये. हे शेवटचे काम आपल्या समाजाने कोणावर लादले होते ते आपल्याला ठाऊक आहे. शौचालयाच्या सफाईसाठी मजुरी देऊन मोठ्या माणसाची सोय करणे ही शाळेची आणि समितीची जबाबदारी आहे. मुलाने आपल्या वापरानंतर पाणी ओतावे, इतकेच त्याचे काम.

माठाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. शाळेत माठ एकच असावा, त्याला लांब दांड्याचे एकच ओगराळे असावे आणि सर्वांनी त्यातूनच पाणी घ्यावे. पाणी गाळलेले किंवा उकळलेले असावे आणि माठ रोज घासलेला असावा. घरून बाटली आणायला हरकत नाही, पण एखादे मूल माठाचे पाणी कधीच पीत नसेल तर त्याच्या घरी जाऊन शांतपणे बोलावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे आपल्याच मंडणगड तालुक्यातले. साताऱ्याच्या शाळेत त्यांना वेगळे बसावे लागे आणि तहान लागली तरी पाण्याला हात लावता येत नसे. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले, ते महाडही कोकणातलेच. दरवर्षी २० मार्चला ही गोष्ट वर्गात न सांगता माठाजवळ उभे राहून सांगावी आणि मग सर्वांनी पाणी प्यावे. मात्र सांगताना बौद्धवाडीतल्या मुलांकडे वळून पाहू नये. ही गोष्ट सगळ्या मुलांची आहे, आणि नजर एका बाजूला वळली की ती काहींच्या माथी दुःख म्हणून मारली जाते.

दुपारची पंगत हा शाळेच्या दिवसातला सर्वांत मोलाचा अर्धा तास. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ धरलेली असते, आणि त्या जेवणातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा असते. वाढण्याआधी एका शिक्षकासह मोठ्या माणसांनी अन्न चाखून तशी नोंद करायची असते. ही नोंद दिवसाअखेरी एकदम भरून टाकू नये. खिचडी खरोखर चाखावी आणि आठवड्यातून एकदा तरी एखाद्या पालकाला चाखायला बोलवावे. शाळेत कोण शिजवते यावरून गावात कुरबुर असेल, तर शिक्षकाने रोज पंगतीत बसून तेच अन्न जेवावे, याहून मोठे उत्तर नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना मुलांनी काकी किंवा मावशी म्हणावे आणि जेवून उठताना त्यांना सांगून उठावे.

पंगतीला रांग हजेरीच्या क्रमाने लावू नये. तक्त्यावरच्या जोड्याच शेजारी बसवाव्यात, म्हणजे दर सोमवारी शेजारी बदलतो. वाढपी सर्वांत शेवटी जेवतात आणि त्यांना सर्वांत लहान मुले वाढतात, ही प्रथा मी एका सहकारी बाईंकडून घेतली. पहिलीतले मूल दोन्ही हातांनी डाव धरून चौथीतल्या दादाच्या ताटात खिचडी टाकते, तेव्हा निम्मी खिचडी ताटाबाहेर पडते. ती पडू द्यावी.

परसबागेत पावसाळ्याच्या सुरुवातीला भेंडी, पडवळ, शिराळी आणि काकडी लावावी. लाल माठ वर्षभर घेता येतो. येणारी भाजी आधी पोषण आहारात जावी, उरली तर लांबून येणाऱ्या मुलांना द्यावी.

भाषेबाबत नव्या शिक्षकाकडून नकळत मोठा अन्याय होतो. मूल घरातून मालवणी, संगमेश्वरी किंवा मोहल्ल्यातली कोकणी घेऊन येते आणि पहिल्याच दिवशी त्याला “असे नाही, असे बोल” ऐकू आले की ते गप्प होते आणि दिवाळीपर्यंत गप्पच राहते. पहिले काही महिने त्याच्या बोलण्याची दुरुस्ती करू नये. फळ्याच्या एका कोपऱ्यात रोज एक शब्द दोन रूपांत लिहावा, जसे तवसे आणि काकडी. घरचा शब्द मुलाने सांगावा आणि पुस्तकातला आपण लिहावा. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे संविधानाच्या अनुच्छेद ३५०-क मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांविषयी म्हटले आहे. त्यामागची भावना बोलीपर्यंत नेणे शिक्षकाच्याच हातात असते.

पावसाचे नियम जूनच्या पहिल्या पालकसभेतच ठरवावेत, कारण जुलैत ते ठरवायला उसंत मिळत नाही. कोणती मुले साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून येतात आणि कोणाला पऱ्या, म्हणजे पावसाळी ओहोळ ओलांडावा लागतो, याची यादी वर्गाच्या दाराजवळ लावावी. पाणी साकवाला टेकले की त्या वाडीने मुलांना पाठवू नये, आणि शाळा सुरू असताना पाणी चढले तर मोठे माणूस न्यायला आल्याशिवाय एकाही मुलाला सोडू नये. मोठ्या मुलाने धाकट्याचा हात धरून जाण्यावर भिस्त ठेवू नये. वाहत्या पाण्यात दहा वर्षांचे मूलही मूलच असते. शाळेत कोरड्या कपड्यांचे चार-पाच जोड ठेवावेत. जांभ्याच्या कातळावर फुरसे हा विषारी साप आढळतो, म्हणून पडवीत काढलेल्या चपला घालण्याआधी झटकायची सवय लावावी आणि साप दिसला तर काठी न शोधता मोठ्यांना हाक मारायला शिकवावे. लावणीच्या दिवसांत काही मुले चार-सहा दिवस येत नाहीत. त्यांना परतल्यावर बोलणी न लावता, चिखलणी कशी केली आणि रोपांच्या मुठी किती लागल्या ते वर्गाला सांगायला लावावे.

भांडणे आणि हरवलेल्या वस्तू यांबाबत माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो. एका मुलाची दहा रुपयांची नोट सापडेना, म्हणून मी सर्वांची दप्तरे सर्वांसमोर उघडायला लावली, आणि त्यातही एका गरीब घरच्या मुलाचे दप्तर मी स्वतः दोनदा तपासले. मधल्या सुट्टीनंतर नोट मिळाली ती हरवलेल्या मुलाच्याच मिटलेल्या छत्रीत. ज्याचे दप्तर मी दोनदा तपासले, तो मुलगा तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो, त्याच्या आईवडिलांसमोर त्याची माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी परिपाठात सर्वांसमोर पुन्हा मागितली. तेव्हापासून मी झडती कधी घेतली नाही. वस्तू हरवली की सर्वांनी मिळून ती शोधावी, सापडणारी वस्तू डब्यात टाकावी आणि कोणी टाकली ते विचारू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला मारणे आणि त्याला मानसिक त्रास देणे या दोन्ही गोष्टींना मनाई आहे, आणि दप्तराची जाहीर झडती त्या दुसऱ्या गोष्टीत मोडते असे मी मानतो. भांडणात दोघांना समोरासमोर बसवावे. एकाचे बोलणे पुरे झाल्यावर दुसऱ्याने आधी पहिल्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगावे आणि मगच आपली बाजू मांडावी. बहुतेक भांडणे या पहिल्याच पायरीवर निवळतात.

व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. कागदावर हे सहज जमते. प्रत्यक्षात मासळीच्या लिलावाच्या वेळेला सभा ठेवली तर खारवीवाडीतल्या बाया येत नाहीत, आणि लावणीच्या पंधरवड्यात ठेवली तर कोणीच येत नाही. म्हणून वेळ स्त्री सदस्यांना विचारून ठरवावी आणि सभेत सर्वांनी, शिक्षकांसकट, बस्करावर गोल करून बसावे. खुर्च्या मांडल्या की त्या कोणासाठी हे आपोआप ठरते. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी गावी येतात आणि शाळेला काहीतरी द्यावे असे त्यांच्या मनात असते. त्यांच्यासाठी गरजेच्या वस्तूंची यादी आधी तयार ठेवावी आणि देणाऱ्याचे नाव वस्तूवर न रंगवता वहीत लिहावे, म्हणजे पाचशे रुपये देणारा आणि पाच हजार देणारा यांत मुलांना फरक दिसत नाही.

वर्ष संपताना, निकालाच्या आधीच्या आठवड्यात, तक्त्यावरच्या चौथीतल्या मुलांच्या पट्ट्या काढाव्यात आणि प्रत्येकाने आपले शेवटचे काम तिसरीतल्या एका मुलाला शिकवून द्यावे. माठ किती घासायचा, केर कुठल्या खड्ड्यात टाकायचा, रुळाला टोला कुठे दिला की आवाज खालच्या वाडीपर्यंत जातो, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. नव्या पट्ट्या जूनमध्ये लिहाव्यात. रिकाम्या खाचांचा तक्ता सुट्टीभर भिंतीवर तसाच राहू द्यावा.