माल्ट एक्स्ट्रॅक्ट तळाला करपतो, उतू जातो : माझा अनुभव
बिअरसाठी माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या बार्लीचा घट्ट गोड पाक) उकळताना तळाला काळी खरपुडी, चवीत जळकेपणा, उकळी फुटताच फेस शेगडीवर. आच मंद केली, पातेलं बदललं, फरक नाही. दोन डबे वाया गेले, फार जीवावर आलं.

एक्स्ट्रॅक्ट पाण्यापेक्षा जड. तळाशी बसतो आणि विरघळण्याआधीच जळतो.

दीड किलोचा डबा 15 मिनिटं गरम पाण्यात ठेवा. 16 लिटरच्या पातेल्यात 10 लिटर पाणी उकळा, मग गॅस पूर्ण बंद. धार धरून ओता, बिबड्यांचा घाटा हाटतो तसं लाकडी चाटूने तळ घासत हाटा. चाटूला तळाशी चिकट काही लागेनासं झालं की मगच गॅस पेटवा. फेस चढला की आच कमी, वर गार पाण्याचा शिपका. फेस बसल्यावर हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी वाळवलेली फुलं) टाका. पुढे 60 मिनिटं, झाकण न ठेवता. जळगावच्या उन्हाळ्यात नळाचं पाणी कोमट असतं, निववायला पातेल्याभोवती बर्फच लागतो.